बोटीवरून पीएच.डी.कडे : सागरी अभ्यासात संशोधन करायचंय, सुरुवात कुठून?

खाडीकाठ | ४ जानेवारी, रात्री ११.४०

नमस्कार मंडळी. बरीच वर्षं इथे नुसता वाचक आहे, धागा पहिल्यांदाच काढतोय.

मर्चंट नेव्हीत अकरा वर्षं झाली. सध्या बल्क कॅरियरवर चीफ ऑफिसर आहे, वय ३४. घर रत्नागिरी जिल्ह्यात, खाडीच्या काठावर. सेकंड ऑफिसर असताना बारा ते चारची वॉच संपली की केबिनमध्ये तास-दीड तास वाचत बसायचो. तसं करत दूरशिक्षणातून इतिहासात एम.ए. केलं, ६१ टक्के पडले. आता पीएच.डी. करायची फार इच्छा आहे. हौस म्हणून नाही, मनापासून करायची आहे.

विषय साधारण असा डोक्यात आहे : 'भारताच्या सागरी व्यापाराचा विकास आणि महाराष्ट्रातील बंदरांची भूमिका'.

प्रश्न असे. चेन्नईचं सागरी विद्यापीठ बरं, मुंबई-पुण्याचं एखादं विद्यापीठ बरं, की सरळ परदेशी जावं? जहाजाची नोकरी सांभाळून अर्धवेळ करता येते का? आणि माझ्या सीओसीला (जहाजावरच्या अधिकाऱ्याचं सक्षमता प्रमाणपत्र), समुद्रावरच्या अनुभवाला प्रवेशाच्या वेळी काही किंमत असते का?

नेरूळकर | ५ जानेवारी, सकाळी ७.१५

खाडीकाठ, अभिनंदन. बोटीवर राहून एम.ए. करणं किती कठीण आहे ते मला ठाऊक आहे. मी स्वतः मास्टर, म्हणजे कॅप्टन, म्हणून उतरलो आणि पुढची बरीच वर्षं नेरूळला कॅडेट्सना शिकवलं.

'सागरी अभ्यास' नावाचा एकच एक विषय नसतो, ही गाठ आधी मारून ठेव. जहाजबांधणी हा सागरी अभ्यास, बंदराचं व्यवस्थापन हाही, १९८२च्या समुद्रकायद्याच्या करारावर काम करणारा वकील हाही, आणि कोळीवाड्यात जाऊन बसणारा समाजशास्त्रज्ञ हाही. पदवीवर नाव कुठलंही असो, तू कुठल्या विद्याशाखेच्या पद्धतीने काम करणार ते आधी ठरायला हवं.

इंडियन मेरिटाइम युनिव्हर्सिटी हे २००८ साली स्थापन झालेलं केंद्रीय विद्यापीठ. मुख्यालय चेन्नईला, मुंबई, नवी मुंबई, कोलकाता, विशाखापट्टणम, कोची इथे आवारं. तिथे पीएच.डी. होते, पण तिथला मुख्य जोर तंत्रज्ञान, नौकानयन आणि व्यवस्थापन यांवर. उद्या तू म्हणालास की बॅलस्ट पाण्याच्या (जहाजाचा तोल राखायला भरतात त्या) नियमांची अंमलबजावणी बंदरात कशी होते ते अभ्यासायचंय, तर मी तुला डोळे मिटून तिकडे पाठवेन. तुझा विषय मात्र इतिहासाचा वाटतो.

सीओसीचं म्हणशील तर प्रवेशाच्या अर्जात तो पदव्युत्तर पदवीची जागा घेत नाही. तुझं एम.ए. झालंय तेच कामाला येईल. अनुभवाची किंमत मात्र तू काम करायला बसशील तेव्हा कळेल.

मालमोची_थंडी | ५ जानेवारी, दुपारी २.०५

परदेशाबद्दल थोडक्यात. मी स्वीडनमध्ये, मालमोच्या वर्ल्ड मेरिटाइम युनिव्हर्सिटीत एम.एस्सी. केलं. आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेने १९८३ साली हे विद्यापीठ काढलं. जगभरातल्या सागरी प्रशासनांतले लोक तिथे येतात, पीएच.डी.ही होते. कायदा, सुरक्षा, पर्यावरण, खलाशांचे प्रश्न यांसाठी उत्तम जागा. वर्गात माझ्या एका बाजूला घानाचा बंदर अधिकारी असायचा, दुसऱ्या बाजूला फिलिपाइन्सची सर्वेक्षक, आणि त्या गप्पांतून जे शिकले ते पुस्तकात नव्हतं.

पण शिष्यवृत्ती नसेल तर खर्च झेपत नाही. आणि कोकणातल्या बंदरांवर काम करायला कोकणापासून इतकं लांब का जायचं, हे तुम्हाला स्वतःला पटायला हवं.

जुनीकागदं | ५ जानेवारी, रात्री ९.५०

मी इतिहासात पीएच.डी. केली आहे, पुण्यातून. विषय होता कोकणातल्या जकातीचे कागद. लांब लिहितेय, क्षमस्व.

आधी नियम. यूजीसीचे (विद्यापीठ अनुदान आयोगाचे) २०२२चे नियम सध्या लागू आहेत. एम.ए.ला ५५ टक्के हवेत, ते तुमच्याकडे आहेत. कमीत कमी तीन वर्षं, जास्तीत जास्त सहा. स्त्रियांना आणखी दोन वर्षांची सवलत मिळू शकते. कोर्सवर्क किमान १२ क्रेडिटचं, ते चुकत नाही. अर्धवेळ पीएच.डी. चालते, पण नोकरी जिथे करता तिथलं ना-हरकत पत्र लागतं. जून २०२४ पासून नेट या राष्ट्रीय पात्रता परीक्षेच्या गुणांवरही पीएच.डी.ला प्रवेश मिळतो, तेव्हा इतिहासातून नेट देऊन ठेवा. त्यातून जेआरएफ ही संशोधन शिष्यवृत्ती मिळाली तर महिना ३७,००० रुपये, पण मग पूर्णवेळ काम करावं लागेल, जहाज सोडावं लागेल.

आता विषय. भाऊ, वाईट वाटून घेऊ नका, पण तुम्ही लिहिलेला हा विषय नाही, हे पुस्तकांचं कपाट आहे. त्या वाक्यात 'भारत' आहे, 'विकास' आहे, 'महाराष्ट्र' आहे, फक्त प्रश्न नाही. त्यातलं काय खोटं ठरू शकतं ते सांगा बघू. काहीच नाही. मग तपासायचं तरी काय?

माझा पहिला आराखडाही असाच होता. मार्गदर्शक बाईंनी तो उलटा करून टेबलावर ठेवला आणि विचारलं, "तुझ्याकडे कागद कुठला आहे जो दुसऱ्या कुणी वाचला नाही?" तेव्हा राग आला होता. आज मी सगळ्यांना हेच विचारते, म्हणून तुम्हालाही विचारते.

दोनापावला | ६ जानेवारी, सकाळी १०.३०

जुनीकागदं ताईंशी सहमत. पाण्याखालच्या पुरातत्त्वाबद्दल चार शब्द घालतो, कारण जहाजावरच्या माणसांना तिकडे जावंसं वाटतं असा अनुभव आहे.

गोव्यातल्या दोनापावलाची राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था १९६६ची. १९८१ पासून तिथे सागरी पुरातत्त्वाचं काम सुरू झालं. द्वारका, बेट द्वारका सगळ्यांना माहीत आहे. भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाचा पाण्याखालचा विभाग २००१चा. पण हे काम एकट्याचं नाही. बोट, पाणबुडे, परवानग्या, आणि कोकणात तर पाणी इतकं गढूळ की हात पुढे केला तर बोटं दिसत नाहीत. पाण्यात न उतरताही पुष्कळ करता येतं. विजयदुर्गजवळ गिर्ये इथे वाघोटण खाडीत मराठा आरमाराची गोदी आहे, कातळ फोडून केलेली. ओहोटीला नुसतं चालत फिरा. भरतीचं पाणी कुठवर चढत असेल, किती खोल बुडणारं गलबत आत घेता येत असेल, हे इतिहासाच्या विद्यार्थ्याला महिनाभर शिकवावं लागतं. तुमच्यासारख्याला ते एका फेरीत दिसेल.

आणि आरमारावर काम करणार असाल तर पणजीचं पुराभिलेखागार टाळता येणार नाही. मग पोर्तुगीज शिकावी लागेल. दोन वर्षं धरून चाला.

आगरकन्या | ६ जानेवारी, संध्याकाळी ६.२०

मी रायगडची, कोळी घरातली. समाजशास्त्रात पीएच.डी. चालू आहे, चौथं वर्ष. विषय मासळी विकणाऱ्या बायकांचा.

अर्धवेळचं जे वर आलंय त्यात एक खाचखळगा आहे. माझा मावसभाऊ जहाजावर फिटर आहे. तो एका विद्यापीठात अर्ज घेऊन गेला तर कार्यालयात म्हणाले, नोकरदार असाल तर ना-हरकत आणा. कंपनी म्हणाली, तू साइन-ऑफ झालास, म्हणजे करार संपवून उतरलास, सध्या तू आमचा नाहीस, पत्र कसलं देऊ? दोन महिने तो या दारातून त्या दारात. शेवटी मुदत गेली आणि त्याने नादच सोडला. दादा, तुम्ही बोटीवर असतानाच पत्र मागून घ्या, पुढचा करार होईल तेव्हा नवं घ्या. आणि कोर्सवर्कसाठी सहा महिने किनाऱ्यावर राहायची सोय आधी लावा.

दुसरं, मला जास्त मोलाचं वाटतं ते. कागद कागद सगळे म्हणतायत. पण आमच्याकडचं पुष्कळसं कागदावर कधी आलंच नाही. १७ जुलै १९४७ला भाऊच्या धक्क्यावरून रेवसला निघालेली 'रामदास' बोट बुडाली, सहाशेहून जास्त माणसं गेली. आमच्या आजीच्या तोंडी त्या दिवसाचा वारा होता. वारा कुठून फिरला, लाट कशी आडवी आली, रेवसचे मचवे कसे निघाले. मी संशोधन सुरू करायच्या आधीच आजी गेली. तिचं बोलणं मी एकदाही रेकॉर्ड केलं नाही. हे मला आजही खातं. म्हणून सांगते, विषय कुठलाही घ्या, घरातल्या म्हाताऱ्या माणसांपाशी आधी बसा. विद्यापीठ सहा महिन्यांनीही तिथेच असेल.

खाडीकाठ | ९ जानेवारी, पहाटे ५.०५

सगळ्यांचे मनापासून आभार. तीन दिवस उत्तर दिलं नाही कारण ताईंच्या प्रश्नाने झोप उडवली. 'तुझ्याकडे कागद कुठला आहे?'

आहे. मी त्याला कागद समजत नव्हतो.

माझे पणजोबा फत्तेमारीवर, म्हणजे शिडाच्या मालवाहू गलबतावर, तांडेल (गलबताचे प्रमुख) होते. मंगळूरहून कौलं भरायची आणि जयगड, रत्नागिरी, कधी मुंबईपर्यंत आणायची. आमच्या माजघरातल्या फडताळात त्यांची एक वही आहे, लाल कापडात बांधलेली. देवीच्या नैवेद्याच्या ताटाशेजारी ठेवतात, दसऱ्याला तिच्यावर फूल वाहतात. आतलं सगळं मोडीत आहे, कुणालाच वाचता येत नाही. आगरकन्या ताईंचं वाचून काल आईला फोन केला, म्हटलं एका पानाचा फोटो पाठव. वरती शक लिहिलाय तेवढा मला लागला, १८६१. म्हणजे १९३९-४०. पानाच्या खालच्या कोपऱ्यात पाण्याचा डाग आहे, आणि डागाच्या कडेला बारीक पांढरी रेघ. ते मीठ आहे. पंच्याऐंशी वर्षांपूर्वीचं समुद्राचं मीठ.

यावर पीएच.डी. होते का?

जुनीकागदं | ९ जानेवारी, सकाळी ८.३०

होते. आणि आता पुढचा शब्द ऐका : ती वही आधी नीट सांभाळा. फूल वाहणं चालू ठेवा, पण हळद-कुंकू पानांवर नको. प्लॅस्टिकच्या पिशवीत तर अजिबात घालू नका, कोकणच्या दमट हवेत बुरशी धरेल. सुती कापडच उत्तम, घरच्यांनी बरोबर केलंय. प्रत्येक पानाचा फोटो दिवसाच्या उजेडात, फ्लॅश न मारता, कोरी पानंसुद्धा.

मग मोडी शिका. मोडी शिकता येते हो, लोक उगाच घाबरतात. आधी आडवी रेघ पूर्ण ओढायची आणि त्या रेघेला अक्षरं लटकवत जायची, लेखणी शक्यतो न उचलता. शब्द तोडलेले नसतात, ऱ्हस्व-दीर्घाचा भेद नसतो. सहा महिने रोज एक तास दिलात तर एका माणसाचं अक्षर वाचता यायला लागतं. आणि तुम्हाला एकाच माणसाचं वाचायचंय.

एकटी वही मात्र पुरणार नाही. तिच्या शेजारी ठेवायला सरकारी आकडे हवेत. मुंबईला काळा घोड्यापाशी एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतीत राज्य पुराभिलेखागार आहे, तिथून सुरुवात करा. मुंबई इलाख्याच्या व्यापाराची आणि नौकानयनाची वार्षिक विवरणपत्रं छापलेली आहेत, त्यांत किनारी व्यापार वेगळा दिलेला असतो. रत्नागिरीचं १८८०चं गॅझेटियर बंदरांसाठी वाचाच. सरकारला किती कौलं दिसली आणि तुमच्या पणजोबांनी किती उतरवली, या दोहोंच्या मधे तुमचा प्रबंध आहे.

नेरूळकर | ९ जानेवारी, सकाळी ९.१०

वाचून फार आनंद झाला. खाडीकाठ, एक भर घालतो. त्या वहीतल्या तारखा आणि तिथ्या घेऊन भरती-ओहोटीचा हिशेब मांड. अमावस्या-पौर्णिमेच्या उधाणाला किती वेळा खाडीत शिरले, भांगाला, म्हणजे कमी भरतीच्या दिवसांत, किती वेळा बाहेर थांबले. इतिहासाच्या प्राध्यापकाला हे सुचायचं नाही. तुला सुचेल, कारण भरतीची वाट बघत तू स्वतः नांगरावर पडून राहिला आहेस. तू विचारलेल्या सीओसीची किंमत म्हणतात ती ही.

मुंबईच्या मेरिटाइम हिस्टरी सोसायटीलाही भेट दे. व्हाइस अॅडमिरल मनोहर आवटी यांनी १९७८ साली सुरू केलेली संस्था. नौदलाची माणसं आणि इतिहासाची माणसं तिथे एका टेबलाशी बसतात.

खाडीकाठ | २२ नोव्हेंबर, रात्री १०.१५

मंडळी, दहा महिन्यांनी धागा वर काढतोय. सांगण्यासारखं बरंच आहे.

मोडी शिकलो. चार महिने बोटीवर मोबाइलमधल्या फोटोंवरून, चार महिने घरी वही समोर ठेवून. पहिलं पूर्ण वाक्य लागलं ते असं : 'कौले १८००० मंगळुराहून भरली, वारा मतलई बरा.' (मतलई म्हणजे जमिनीवरून समुद्राकडे वाहणारा वारा.) आईला वाचून दाखवलं. ती कितीतरी वेळ काही बोललीच नाही. मग म्हणाली, परत वाच.

नेट दिली, पीएच.डी.च्या प्रवेशापुरते गुण मिळाले. मार्गदर्शक मिळाल्या आहेत. आराखडा पुढच्या महिन्यात समितीपुढे जाईल. विषय आता असा : शके १८५३ ते १८६८ या काळातला कोकणचा शिडाच्या गलबतांचा कौल-व्यापार, एका तांडेलाच्या वहीच्या आधारे. नारळी पौर्णिमेनंतर नोंदी सुरू होतात, आगोट, म्हणजे पावसाळ्याची सुरुवात, जवळ आली की थांबतात. सोळा वर्षं, मधली दोन कोरी.

एक मुद्दा तुमच्यापुढे तपासायला ठेवतो. वहीत माल, बंदर, दिवस, भाडं असे चार रकाने आहेत. चौदा फेऱ्यांना मालाच्या रकान्यात 'नरम' एवढंच लिहिलंय आणि भाडं कोरं. मी याचा अर्थ लावलाय की बाजार नरम होता, माल मिळाला नाही. त्यातल्या बऱ्याच नोंदी १९३९ नंतरच्या, म्हणून आराखड्यात मी त्याचा संबंध महायुद्धाशी जोडलाय. पटतंय का?

जुनीकागदं | २३ नोव्हेंबर, सकाळी ८.००

फार सुंदर काम. पण 'नरम' मालाच्या रकान्यात का? भाव नरम असेल तर ते भाड्याच्या रकान्यात यायला हवं. मला इथे खटकतंय. त्या शब्दाचा जवळून फोटो टाकाल का?

खाडीकाठ | २३ नोव्हेंबर, दुपारी १.३०

टाकलाय. शके १८६२, मार्गशीर्षातली नोंद. डावीकडे मुंबई, उजवीकडे मंगळूर, मधे तो शब्द.

वाघोटण | २३ नोव्हेंबर, रात्री ८.४५

मी इथे फारसं लिहीत नाही. वय ७१, आमचा धंदा गलबतं बांधायचा होता, आता बंद आहे. मोडी मला येत नाही, पण तुम्ही मराठीत उतरवलेलं पान वाचलं.

तो शब्द नरम नसावा. निरम असेल. गलबत रिकामं न्यायचं असलं तर तळात दगड नाहीतर वाळू भरायची, नाहीतर वाऱ्याने कलंडतं. त्याला निरम म्हणतात. माझे वडील कायम म्हणायचे, "निरम कमी पडलं तर शीड मालक होतं." मुंबईला कौलं उतरवली, परतीला माल नाही, तर निरम भरून मंगळूर गाठायचं. भाडं कोण देणार? म्हणून कोरं.

जुनीकागदं | २३ नोव्हेंबर, रात्री ९.०५

काका, तुमचे पाय धरायला हवेत. फोटो मोठा करून पाहिला. 'न'ची वेलांटी वरच्या रेघेत मिसळली आहे, पण शाईचा फराटा आहे. निरमच आहे.

खाडीकाठ | २४ नोव्हेंबर, पहाटे ४.५०

काका, साष्टांग नमस्कार.

निरम म्हणजे बॅलस्ट. अकरा वर्षं मी हेच करत आलोय. बॅलस्ट पाण्याचा २००४चा करार २०१७च्या सप्टेंबरात लागू झाला, तेव्हापासून कुठल्या बंदरात किती टन पाणी घेतलं, कुठे सोडलं, याची नोंद आमच्या बोटीवर माझ्या सहीने होते. आणि पणजोबांच्या वहीत तीच नोंद समोर होती, ती मी 'बाजार नरम' म्हणून वाचली.

रात्रभर चौदाही नोंदी पुन्हा पाहिल्या. चौदाच्या चौदा दक्षिणेकडे जाताना. येताना एकदाही नाही. म्हणजे महायुद्ध वगैरे माझं सगळं चुकलं. युद्धाच्या आधीच्या नोंदींतही निरम आहेच, माझं लक्ष नंतरच्यांवर होतं. वरती जाताना कौलं मिळत होती, खाली जायला काही मिळत नव्हतं, आणि रिकाम्या फेरीचं नुकसान कुणी सोसायचं, मालकाने की खलाशांनी, हे वहीच्या शेवटच्या पानांवरच्या वाटणीत असणार. ती पानं अजून लागलेली नाहीत. आराखड्यातलं ते प्रकरण आज काढून टाकतोय. मार्गदर्शक बाईंना सकाळी फोन करून सांगेन.

काका, एक विचारू? निरमाचे दगड मंगळूरला पोचल्यावर कुठे टाकायचे?

वाघोटण | २४ नोव्हेंबर, सकाळी ११.२०

धक्क्याच्या बाजूला, नदीकाठी. तिथे ढीग पडायचे. लोक घराच्या पायाला न्यायचे. मुंबईचा दगड काळा, तिकडचा वेगळा, बघितला की ओळखतो. मी १९६८ला वडिलांबरोबर गेलो होतो तेव्हा ढीग पाहिलेत. पावसाळ्याआधी जात असाल तर मला सांगा, तब्येत बरी असली तर येईन. जागा मी दाखवतो.

खाडीकाठ | २४ नोव्हेंबर, सकाळी ११.३५

काका, पुढचं साइन-ऑन फेब्रुवारीत आहे. जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात मी तुमच्या दारात गाडी घेऊन येतो. फोन नंबर निरोपातून पाठवलाय. तब्येतीला जपा.